विंचवाचं बिऱ्हाड अलास्कात

गोव्याच्या एका टोकाच्या पेडण्याहून दुसऱ्या टोकाच्या काणकोणला जायचं म्हटलं तर आमच्या घरी आदल्या रात्रीपासून डब्यात काय न्यायचं याची चर्चा सुरू होते. आणि तीच माणसं अलास्काच्या नकाशावर बोट फिरवत ‘सकाळी इथून निघू, संध्याकाळी इथे’ म्हणत होती. म्हणून आधी आकडे सांगते. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. अलास्का १७ लाखांहून जास्त. म्हणजे त्यात साडेचारशेवर गोवे मावतील, आणि एवढ्या मुलखात हमरस्ते मात्र बोटांवर मोजण्याइतके. जुनो ही तिथली राजधानी, पण तिथेही बाकीच्या राज्यातून रस्त्याने पोचता येत नाही. विमान धरा, नाहीतर बोट.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, हे, धाकटे दीर आणि जाऊ. फोंड्याहून निघालो आणि तिथे दहा रात्री एकाच गाडीत काढल्या. त्याआधी चौघांपैकी कोणीच मोटरहोमला, म्हणजे त्या चाकांवरच्या घराला, हात लावला नव्हता. परत आल्यापासून ओळखीतली सात-आठ घरं ‘कसं काय केलंत?’ म्हणून विचारून गेली, तेव्हा एकदाच लिहून ठेवते.

मोटरहोमला गाडी समजून निघाल तर दुसऱ्या दिवशी भांडणं होतील. ते बिऱ्हाड आहे. पाणी भरायचं, सांडपाणी काढायचं, गॅस किती उरला ते बघायचं, वीज पुरवायची. विहिरीचं पाणी टाकीत चढवणं आणि मागीलदारी सेप्टिक टँक असणं ज्या घरात रोजचं आहे, तिथल्या माणसाला यात परकं काही नाही. फक्त इथे विहीर, टाकी आणि सेप्टिक टँक सगळं बरोबर घेऊन ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने धावायचं असतं.

कधी जावं

हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्याच्या अलीकडे-पलीकडे बहुतेक कॅम्पग्राउंड, म्हणजे गाडी लावून राहायचे तळ, बंद असतात, आणि उघडी असली तरी नळ बंद, कारण पाइपातलं पाणी गोठतं. जूनमध्ये उजेड संपतच नाही. अँकरेजला २१ जूनच्या सुमारास दिवस १९ तासांहून मोठा, आणि उरलेल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. डासांचा जोर जून-जुलैत. ऑगस्टमध्ये पाऊस वाढतो, पण आपल्या आषाढसरी डोळ्यांसमोर आणू नका. ती थंड रिपरिप असते.

सगळ्यांत देखणे दिवस म्हणाल तर ऑगस्टअखेरचे. डोंगरउतार लाल-पिवळे होतात, डास कमी होतात, रात्र परत येते आणि नशीब असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशातला तो रंगीत उजेडही दिसतो. पण तेवढ्यात आपली गणपतीची चवथ असते. ती ऑगस्टअखेर पडणाऱ्या वर्षी विषयच संपला. सप्टेंबरच्या मध्यावर असेल त्या वर्षी मात्र अलास्का उरकून गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला वेळेत घरी पोचता येतं. आम्ही जूनमध्ये गेलो, कारण दिरांचं म्हणणं: १ जून ते ३१ जुलै गोव्यात ट्रॉलरची मासेमारी बंद, तर मासळी असेल तिथे जाऊ.

कागदपत्रं

यात फार वेळ घालवत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी गोवेकरांना मुंबईचा वाणिज्य दूतावास. मुलाखतीची तारीख मिळायला किती दिवस लागतील ते आधी पाहा, व्हिसा हातात येऊ द्या, मगच परत न मिळणारे पैसे भरा. घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन ‘एस्टा’ परवानगी पुरते. बाकीच्यांनी त्याचा हेवा करून घ्यावा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वाहतूक कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. अर्ज ‘४-अ’ क्रमांकाचा, परवाना एक वर्ष चालतो. तो मूळ लायसन्सला जोडून दाखवायचा असतो, त्यामुळे मूळ लायसन्स कपाटात ठेवून जाऊ नका. जो कोणी स्टिअरिंगला हात लावणार त्याचं नाव गाडीच्या करारात हवं. आमच्यात आम्ही दोघी जावांची नावं आधी घालायची राहिली होती. ऐनवेळी घातली ते बरं झालं, कारण पुरुष दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच पेंगायला लागले.

कॅनडातून गाडीने वर जायचं खूळ काहींच्या डोक्यात असतं. १९४२ साली युद्धकाळात बांधलेला अलास्का हायवे डॉसन क्रीकपासून डेल्टा जंक्शनपर्यंत सव्वादोन हजार किलोमीटरच्या घरात आहे. त्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा आणि तीन-चार आठवडे हवेत. पहिल्या खेपेला नको. विमानाने अँकरेज गाठा आणि गाडी तिथेच घ्या.

कुठली गाडी

तीन जाती आहेत. ‘ए’ म्हणजे अख्खी बसच. ‘बी’ म्हणजे व्हॅन, दोघांना ठीक. ‘सी’ म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर घर आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. नवख्यांनी ‘सी’च घ्यावी, आणि २५ फुटांच्या पुढे जाऊ नये. जाहिरातीत ‘सहा जण झोपतात’ लिहिलेलं असतं. ते झोपतात, पण त्यातले दोन जण जेवणाचं टेबल मोडून केलेल्या पलंगावर झोपतात आणि बाकीचे चहासाठी त्यांच्या उठण्याची वाट बघत बसतात. चौघांना सहाची गाडी हा खरा हिशेब.

करारात चार गोष्टी बघा. एक, भाड्यात किती मैल धरलेत. दोन, कोणते रस्ते बंदी आहेत: उत्तरेला तेलक्षेत्रांकडे जाणारा ४१४ मैलांचा डाल्टन हायवे, मॅकार्थीचा खडीचा रस्ता आणि बराचसा कच्चा असलेला डेनाली हायवे हे बहुतेक करारांत निषिद्ध असतात. तिथे गाडी अडकली तर विमा हात वर करतो. तीन, विम्यात छप्पर, बाहेर ओढायची छत्री आणि समोरची काच धरली आहे का. खडी उडून काचेला तडा जाणं तिथे नेहमीचं. चार, गाडी कोणत्या अवस्थेत परत द्यायची.

पेट्रोलचा हिशेब घरीच करा. अशी गाडी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देते. आमचा प्रवास फिरून-फिरून दीड हजार किलोमीटर झाला, म्हणजे पावणेचारशे लिटर. तिथे भाव गॅलनवर असतो आणि एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, तेव्हा पाटीवरचा आकडा बघून छातीत धस्स होऊ देऊ नका.

ताबा घेताना

मोपा किंवा दाबोळीहून निघून आखातातून सिॲटल, तिथून अँकरेज, एवढं करून पोचेपर्यंत दीड दिवस गेलेला असतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. पहिली रात्र हॉटेलात झोपा. काही कंपन्यांची तशी अटच असते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस गाडी समजावून सांगतो. तो हेच सगळं रोज चार वेळा म्हणतो, त्यामुळे मेलगाडीच्या वेगाने म्हणतो. मोबाइलवर सगळं चित्रित करा. आणि त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने एकेक गोष्ट करून बघा: गॅस पेटवणं, हीटर लावणं, जनरेटर सुरू करणं, टाक्यांचे मीटर वाचणं, पायरी आत-बाहेर करणं. ओरखडे, चिरा, पेट्रोलचा काटा यांचे फोटो काढा. फ्रिज कशावर चालतो तेही विचारा. बऱ्याच गाड्यांत तो गॅसवर चालतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट थंड करत नाही.

मग बाजार. घरून मसाल्याच्या पुड्या, सोलां (आमसुलं), चहा एवढंच न्या, तेही पॅकबंद, आणि विमानतळावर विचारलं तर सगळं खरं सांगा. तांदूळ नेऊ नका. खपरा किड्याच्या भीतीने भारतातून प्रवाशांच्या सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेत मनाई आहे. उकड्या तांदळाच्या पेजेशिवाय ज्यांची सकाळ होत नाही त्यांनी दहा दिवस मन घट्ट करावं. अँकरेजच्या दुकानांत तांदूळ पुष्कळ मिळतो, पण आपला लाल उकडा नव्हे. कुकर मात्र न्याच. मिक्सर नको, तिथली वीज १२० व्होल्टची. नारळाचं दूध डब्यात मिळतं.

गाडीत फोडणी घालायच्या आधी छताचं झरोकं उघडून पंखा लावा. आमच्या पहिल्या संध्याकाळी मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म असा किंचाळला की शेजारच्या गाडीतले आजोबा अग्निशामक नळकांडं घेऊन दारात उभे. त्यांना वरण-भात वाढला. कढीपत्ता त्यांनी ताटाच्या कडेला काढून ठेवला, बाकी सगळं खाल्लं.

चालवणं

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे. पहिला तास कुठल्यातरी मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये घालवा. गाडीचं मागचं टोक चाकांच्या बरंच मागे असतं, त्यामुळे डावीकडे वळताना शेपूट उजवीकडे झुकतं. साखळीच्या बाजारात वळणारी कदंबची बस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे कळेल. मागे घेताना एकाने खाली उतरायचंच, आणि आरशात दिसेल असं उभं राहायचं. उंची साधारण अकरा-बारा फूट. नक्की आकडा कागदावर लिहून समोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छप्पर आणि झाडाची फांदी या दोनच गोष्टींनी बहुतेकांचे पैसे जातात.

मागे पाच किंवा जास्त गाड्या खोळंबल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ देणं हा अलास्कात कायदा आहे. चोर्ला घाटात ट्रकमागे अडकल्यावर आपण जे मनातल्या मनात बोलतो ते तिथे दुसऱ्यांना बोलायला लावू नका. दिवे दिवसाही लावून ठेवा. जमीन गोठून-वितळून रस्त्यावर लाटा उठतात. काही ठिकाणी नारिंगी झेंडी असते, काही ठिकाणी नसते. वेगात त्यावर गेलात तर कपाटं उघडून बशा बाहेर येतात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. गावांच्या मध्ये मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. रस्त्यांची स्थिती ५११ वर कळते, संकटात ९११.

दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरे. यात फसवणारी गोष्ट म्हणजे उजेड. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन असतं, आणि ‘अजून थोडं जाऊ’ म्हणत माणूस थकून जातो. घड्याळ बघून थांबा, आकाश बघून नव्हे. झोपताना डोळ्यांवर पट्टी.

फेणीची बाटली बऱ्याच जणांच्या बॅगेत असणार हे मला ठाऊक आहे. २१ वर्षांवरच्या माणसाला एक लिटर करमुक्त नेता येतं. ती मागच्या कपाटात राहू द्या; गाडी चालू असेपर्यंत कोणीच पिऊ नये, मागे बसलेल्यांनीसुद्धा.

पाणी आत, पाणी बाहेर

गाडीत तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरी आणि न्हाणीच्या पाण्याची, तिला करडी म्हणतात. तिसरी संडासाची, तिला काळी. आकार गाडीगणिक बदलतो, पण चौघांच्या वापराला दोन-तीन दिवसांत एकतरी टाकी हात टेकते, आणि बहुधा करडी आधी भरते.

गरम पाण्याची टाकी बऱ्याच गाड्यांत सहा गॅलनची, म्हणजे बावीस-तेवीस लिटर. आपली एक मोठी बालदी आणि थोडं. शॉवर सोडून उभं राहिलात तर चौथ्या माणसाला बर्फाचं पाणी. आम्ही अँकरेजमध्ये एक छोटी बालदी आणि तांब्या घेतला आणि सहा-सात लिटरांत एकेकाची आंघोळ उरकली. शॉवरच्या माणसांना जे जमत नाही ते आपल्याला लहानपणापासून येतं. भांडी घासतानाही नळ सोडायचा नाही. तेलकट ताटं आधी कागदाने पुसा, मग दोन भांड्यांतल्या पाण्यात.

आता काळी टाकी. तिचा झडप उघडा ठेवून गाडी उभी करू नका, कॅम्पग्राउंडात सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागेतसुद्धा. पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग आतच बसतो, मग तो निघता निघत नाही. दोन-तृतीयांश भरू द्या, मग डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, न्या. क्रम असा:

१. हातमोजे. दोन जोड घातले तरी चालतील.
२. गाडी अशी लावा की झडपेचं तोंड जमिनीतल्या भोकाजवळ येईल. आम्ही पहिल्यांदा उलट्या बाजूने लावली आणि नळी चार फूट कमी पडली.
३. नळी आधी गाडीला पिळून बसवा, दुसरं टोक भोकात घट्ट. बसली की नाही ते हलवून बघा.
४. मग काळीचा झडप ओढा. आवाजावरून कळतं केव्हा संपलं ते.
५. काळीचा बंद करा, करडीचा उघडा. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. उलट क्रम केलात तर काय होईल ते सांगायला नको.
६. दोन्ही बंद, मग नळी काढा, तिथल्या नळाने धुवा. काळ्या टाकीत थोडं पाणी आणि औषधाची गोळी टाका.
७. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी असते, बहुधा पांढरी. ती या कप्प्यात ठेवायचीही नाही, आणि डंप स्टेशनवरच्या धुण्याच्या नळाला लावायचीही नाही.

हे काम कोणी करायचं यावर आमच्याकडे अर्धा तास शांतता होती. शेवटी जाऊ म्हणाली, ‘घरचा संडास आम्ही दोघी वीस वर्षं धुतोय, आता पाळी तुमची.’ दोघा भावांनी मुकाट्याने मोजे घातले. तिसऱ्या खेपेपर्यंत ते इतके तरबेज झाले की दुसऱ्या नवख्यांना शिकवत होते. माझ्या मते हे काम पहिल्या दिवशीच ठरवून टाकावं, आणि ज्याने कधी केलं नाही त्यालाच द्यावं.

भांड्यांचं पाणी ‘साबणच तर आहे’ म्हणून झाडाखाली ओतू नका. किनाऱ्याजवळ रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून पत्रावळ्या तिथेच टाकून जाणाऱ्या बसवाल्यांवर आपण गोव्यात किती चिडतो! तिथे ती बस आपली असते.

विजेचं थोडक्यात: कॅम्पग्राउंडात विजेची जोडणी नसेल तर रात्री हीटर गॅसवर पेटतो, पण त्याचा पंखा बॅटरी खातो. दिवे आणि चार्जर बेताने वापरा. जनरेटर सहसा गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि पाव टाकीच्या खाली तो मुद्दाम बंद पडतो, म्हणजे तुम्ही रानात अडकू नये. कॅम्पग्राउंडमध्ये तो चालवायच्या वेळा लावलेल्या असतात.

वाट कुठली

दहा रात्रींना अँकरेजहून एक खेप दक्षिणेला, एक उत्तरेला. एवढंच.

दक्षिणेला सुअर्ड, २०४ किलोमीटर. अँकरेज सोडलं की रस्ता टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या कडेने जातो. कॅप्टन कुक १७७८ साली इथे वाट शोधत आला आणि पुन्हा माघारी फिरावं लागलं, म्हणून हे नाव. एका बाजूला कडे, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये रस्ता आणि रेल्वेचे रूळ. थांबायच्या जागा पुष्कळ आहेत, प्रत्येक जागी थांबा. बेलुगा पॉइंटला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पांढरे देवमासे दिसतात.

आमच्याकडे भरती-ओहोटीत माणूसभर फरक पडतो. इथे तो तीस फुटांच्या वर जातो. ओहोटी लागली की मैलोन्‌मैल राखाडी, गुळगुळीत चिखल उघडा पडतो. जाऊ काणकोणकडची, लहानपणी तिसऱ्या वेचलेली. ती चपला काढून पिशवी हातात घेऊन उतरायलाच लागली होती. तेवढ्यात पाटी दिसली. हा चिखल खाजनातल्यासारखा नाही. हिमनद्यांनी दळलेली बारीक पूड आहे ती. पाय दिला की बाजूने आवळते, सिमेंटसारखी, आणि मग भरती येते. यात माणसं मेली आहेत. काठावरून पाहा, एक पाऊलही खाली टाकू नका. भरती येताना कधीकधी पाण्याची एक सरळ भिंत खाडीभर सरकत येते. तिची वेळ वेळापत्रकावरून काढता येते, आणि ती बघायला थांबण्यासारखी आहे.

पुढे गर्डवूड-पोर्टेजकडे वाळून उभ्या राहिलेल्या पांढऱ्या झाडांची रांग लागते. २७ मार्च १९६४ ला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, जमीन खचली, खारं पाणी मुळांत शिरलं. झाडं अजून उभी आहेत.

पोर्टेजहून व्हिटियरला जायचं तर चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा आहे, त्यातूनच रेल्वे आणि त्यातूनच गाड्या, आळीपाळीने. वेळापत्रक पाहून जा, नाहीतर तासभर रांगेत. सुअर्डला नगरपालिकेचं कॅम्पग्राउंड समुद्राला लागूनच आहे. गाडीच्या खिडकीतून समुद्री ऊदमांजरं पाठीवर पडून खाताना दिसली. जवळच एक्झिट ग्लेशियर. वाटेवर वर्षांच्या पाट्या आहेत: अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. आपण चालत राहतो, साल पुढे सरकतं आणि बर्फ काही येत नाही. सकाळी लवकर जा, मोठ्या गाड्यांना जागा कमी.

उत्तरेला डेनाली नॅशनल पार्क, अँकरेजहून सुमारे ३८० किलोमीटर. एका दमात जाऊ नका, वाटेत तालकीत्नाला एक रात्र काढा. पर्वत ६,१९० मीटरचा. २०१५ साली सरकारने त्याला डेनाली हे मूळ नाव परत दिलं, २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ली केलं. तिथली माणसं डेनालीच म्हणतात. तो ढगांत असतो बहुतेक वेळ. आम्हाला पहिले दोन दिवस नुसता पांढरा पडदा, आणि तिसऱ्या रात्री साडेअकराला दीर बाहेर दात घासत असताना सगळा डोंगर गुलाबी होऊन समोर. ब्रश तोंडात ठेवून ते दार ठोकत होते.

पार्कातला रस्ता ९२ मैलांचा, पण स्वतःच्या गाडीने पहिले १५ मैलच जाता येतं, पुढे पार्कच्या बसने. २०२१ मध्ये ४५ व्या मैलाजवळ दरड सरकल्याने ४३ व्या मैलापुढचा रस्ता बंद करावा लागला आणि पूल बांधायला घेतला. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहा. प्रवेशद्वाराजवळचं रायली क्रीक कॅम्पग्राउंड नवख्यांना उत्तम, मोठ्या गाड्याही मावतात, डंप स्टेशन जवळ. २९ व्या मैलावरच्या टेकलनिकाला स्वतःची गाडी नेता येते, पण तीन रात्रींची अट आणि मधे गाडी हलवायची नाही. दोन्ही लवकर भरतात.

अस्वल, मूस आणि डास

खाण्याचा वास असलेली कोणतीही वस्तू बाहेर ठेवायची नाही. शीतपेटी, शेगडी, कचऱ्याची पिशवी, साबण, टूथपेस्टसुद्धा. सगळं गाडीत आणि दार बंद. अस्वलावर मारायचा फवारा विमानात चालत नाही, चेक-इन सामानातही नाही. अँकरेजला विकत घ्या आणि चालायला जाताना कमरेला लावा, बॅगेच्या तळाशी नको. डेनालीत नियम असा की अस्वलापासून ३०० यार्ड आणि मूससारख्या (मूस म्हणजे तिथलं थोराड हरीण) प्राण्यांपासून २५ यार्ड लांब राहायचं.

लोक अस्वलाला घाबरतात आणि मूसला म्हैस समजून फोटो काढायला जातात. सत्तरीच्या रस्त्यावर गवा उभा असेल तर आपण काय करतो? इंजिन बंद करून गप्प बसतो, त्याचं त्याला जाऊ देतो. अगदी तेच. मे-जूनमध्ये मादीजवळ पिल्लू असतं, तेव्हा तर अधिकच.

डासांसाठी मलम तिथलंच घ्या. लांब बाह्यांचे फिके कपडे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी. आपल्याकडची अगरबत्ती त्यांना लागू पडत नाही, आम्ही प्रयोग केलाय.

मासे

मासेमारीचा परवाना ऑनलाइन मिळतो. १६ वर्षांवरच्या बाहेरच्या माणसाला तो लागतोच, आणि किंग सामन धरायचा तर वेगळा शिक्का. कोणत्या नदीत कोणता मासा, दिवसाला किती, हे नियम हंगामातही बदलतात. जुलैत केनाई नदीच्या मुखाशी लोक मोठ्या जाळ्या घेऊन उभे दिसतील. ती सवलत फक्त तिथल्या रहिवाशांना आहे, आपण काठावर. आमच्या दिरांना दोन दिवसांत एकही मासा लागला नाही. शेवटी बंदरावरून लाल सामन विकत घेतला, नारळाचं दूध आणि सोलां घालून हुमण केलं. बांगड्याइतका तेलकट, चव मात्र वेगळी. तळायचा असेल तर गाडीत तळू नका, पडद्यांना वास धरतो तो जात नाही. बाहेर तळा आणि कढई लगेच धुऊन आत.

परत देताना

शेवटची रात्र अँकरेजपासून तासाभराच्या आत काढा. सकाळी टाक्या रिकाम्या करा, गॅस आणि पेट्रोल सुरुवातीच्या फोटोत होतं तिथवर भरा, फरशी झाडा. उरलेला अस्वलाचा फवारा, तेल, मीठ कंपनीच्या ऑफिसात ठेवा. अशा वस्तूंचा तिथे एक खणच असतो, पुढचे प्रवासी घेऊन जातात. जाताना तुम्हीही आधी तो खण बघा, फवाऱ्याचे पैसे वाचतील. आणि डोक्यावरच्या पलंगामागचं छोटं कपाट उघडून पाहा. आमची सोलांची पुडी तिथेच राहिली.